टीव्हीला घातलेला हार

उमरीकरांना हार घातला गेला आणि त्यांच्या मानेला काहीही लागलं नाही. निशिगंधाचा हार मानेवर पडला की आधी गार लागतो, मग देठांवरचं पाणी थेंबाथेंबाने कॉलरच्या आत उतरतं, मागे दोऱ्याची गाठ टोचते. हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना त्यांनी अशा ओल्या करवल्या होत्या. आज स्वतःच्या मानेची पाळी आली तर मान घरी होती. समोर लॅपटॉपवर मार्केट यार्डाजवळच्या हॉटेलातलं व्यासपीठ दिसत होतं, व्यासपीठावर एक मोठा टीव्ही उभा केलेला होता, आणि त्या टीव्हीत शनिवार पेठेतल्या आपल्या खोलीत बसलेले उमरीकर होते. प्रमुख पाहुणे हार घेऊन टीव्हीसमोर घुटमळत होते, मान कुठे आहे ते शोधत असावेत. मागून कुणीतरी म्हणालं, "घाला ना साहेब, स्क्रीनलाच घाला." साहेबांनी टीव्हीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना हार अडकवला, दोन पावलं मागे सरले आणि सवयीने, अगदी सवयीने, हात जोडून मान खाली घातली. शेजारी सकाळच्या दीपप्रज्वलनाची समई अजून तेवत होती. आणलेल्या उदबत्त्या वाया कशाला घालवायच्या असंही कुणाला तरी वाटलं असावं. त्यांचा धूर टीव्हीसमोरून निवांत वर चालला होता.

उमरीकरांचा हात नकळत वर गेला. "अहो, अहो, काय करताय?" ते म्हणाले. टीव्हीतल्या हारवाल्या उमरीकरांनीही हात वर केला, पण जरा उशिरा, करावा की न करावा असा विचार करून केल्यासारखा, आणि त्यांच्या तोंडून आवाज काही निघाला नाही. अडुसष्टाव्या वर्षी माणूस मरणाचा विचार करतच नाही असं नाही. पण तो पहाटे, एकट्याने, चोरून करायचा असतो. भर दुपारी, प्रायोजकांच्या फलकांसमोर, चार लोकांनी मिळून तो आपल्या वतीने उरकून टाकायचा नसतो. आपण गेल्यावर भिंतीवर कसे दिसू हे त्यांना आता कळलं होतं. खिडकीचा उजेड चष्म्यावर पडल्यामुळे डोळे दिसत नव्हते, आणि हाराची लड बरोबर हनुवटीखालून गेली होती. चांगले दिसत होते, हेच वाईट होतं.

बाजूच्या पट्टीत लोकांचे निरोप सरकत होते. सुरुवातीचे ठीक होते, 'अभिनंदन सर', 'उशिरा का होईना, योग्य सत्कार'. मग उशिरा जॉइन झालेले आले. ऑनलाइन सभेला माणूस वेळेवर येत नाही, आला तरी ऐकत नाही, दुसरं काहीतरी करता करता एक डोळा टाकतो. त्या एका डोळ्याला काय दिसलं असेल? चेहरा, हार, समई, उदबत्ती. 'अरेरे! कधी?' असं कुणीतरी विचारलं. त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली 'ॐ शांती', मग 'मोठा माणूस गेला', आणि मग नुसतेच जोडलेले हात, एकाखाली एक, पंगतीला बसल्यासारखे. आपल्याकडे श्रद्धांजलीला जेवढा उत्साह असतो त्याच्या पाव हिस्सा भेटीला असता तर! उमरीकरांनी एका बोटाने अक्षरं शोधत टाइप केलं, 'मी आहे.' ते दोन शब्द वर गेले, त्यांच्याखाली पुन्हा 'श्रद्धांजली' आली, आणि कुणीतरी त्या 'मी आहे'लाही हात जोडले.

मग अभिनव माइकपाशी आला. हा अभिनव एके काळी उमरीकरांच्या हाताखाली बॅज वाटायला लागला होता; आता पुणे परिषद-संयोजक मंडळाचा अध्यक्ष होता. डॉक्टरांची, इंजिनिअरांची, साखर कारखानदारांची संमेलनं भरवून देणाऱ्या लोकांचं हे मंडळ उमरीकरांनीच काढलं होतं, आणि त्याचा वार्षिक मेळावाही त्यांनीच सुरू केला होता. अभिनवने हाराकडे एकदा पाहिलं, त्याला काही खटकलं नाही, आणि तो म्हणाला, "सरांचे आशीर्वाद आपल्या पाठीशी सदैव आहेतच. वेळेअभावी सरांचं मनोगत आपण व्हिडिओरूपाने सगळ्यांना नंतर पाठवू. आता चर्चा आणि मग ठराव." "अरे ए!" उमरीकर ओरडले. पडद्यावर बारीक अक्षरांत आलं की तुमचा आवाज होस्टने बंद ठेवला आहे. त्यांनी हात वर करायचं चिन्ह दाबलं. एक छोटासा पिवळा हात त्यांच्या नावापाशी उगवला आणि तिथेच उभा राहिला, शाळेत बाई बघत नसल्या की राहतो तसा. ठराव असा होता की पुढच्या वर्षीपासून मेळावा हॉलमध्ये भरवायचाच नाही, पूर्णपणे ऑनलाइन घ्यायचा. उमरीकरांनी हा सत्कार एवढ्यासाठीच पत्करला होता. शाल आणि नारळ घेण्याचं त्यांचं वय उलटून गेलं होतं. पण सत्काराला उत्तर म्हणून पाच मिनिटं बोलायला मिळणार होती, आणि त्या पाच मिनिटांत त्यांना या ठरावाची सालं काढायची होती. ती पाच मिनिटं आशीर्वादात गेली. जिवंत माणसाला कुणी 'आशीर्वाद आहेतच' असं म्हणतं का? जिवंत माणसाला विचारतात, चहा घेणार का.

आणि याला आपण हो म्हणालो, हे आठवून त्यांच्या कानशिलांत कढ आले. हा अभिनव घरी आला होता, सोफ्यावर बसून शालनबाईंच्या हातचा चिवडा दोनदा मागून घेतला होता, आणि म्हणाला होता, "सर, हे हायब्रिड आहे. अर्धे तिथे, अर्धे आपापल्या घरी. तुमच्यासारखा माणूस घरून आला ना, तर लोकांना विश्वास वाटेल. शिवाय तुमचा गुडघा." हायब्रिड म्हटलं की उमरीकरांना हायब्रिड ज्वारीच आठवायची. नांदेडकडे त्यांच्या लहानपणी ती आली तेव्हा केवढं कौतुक, कणीस बघा, भार बघा. आणि भाकरी केली की तव्यावरच फाटायची, तोंडात चव नाही, गिळायला दूध लागायचं. दूध नसायचं. वडील म्हणायचे, पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. साथीच्या वर्षांत सगळी संमेलनं पडद्यात गेली तेव्हा उमरीकर म्हणाले होते, ताप उतरला की हेही उतरेल. ताप उतरला, हे नाही उतरलं. हॉल उघडले, खुर्च्या पुसल्या गेल्या, आणि लोक म्हणाले, लिंक पण असेल ना? आधी हॉल मोठा आणि पडदा छोटा होता, मग पडदा मोठा झाला, मग हॉलमध्ये बसलेली माणसंच पडद्याची सजावट झाली. हे सगळं दिसत असून त्या दिवशी ते गुडघ्यापाशी फसले. आपल्यामुळे कुणाला विश्वास वाटणार आहे म्हटल्यावर म्हातारा माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतोच. शालनबाई चिवड्याची बशी उचलत तेवढ्या म्हणाल्या होत्या, "बरं झालं. मेळाव्याच्या दिवशी एकदा तरी घरी जेवाल." बायकांचं जेवणावरच असतं, असं वाटून त्यांनी ते ऐकून सोडून दिलं होतं.

फोन वाजला. कोंडीरामचा होता, मांडववाला कोंडीराम, ज्याच्याबरोबर त्यांनी ऐन उमेदीत खांब रोवण्यापासून कामं केली होती. त्याचा आवाज भरून आला होता. "वहिनींना द्या हो जरा," तो म्हणाला. "कोंडीराम, मी बोलतोय," उमरीकर म्हणाले. "मी कोण?" "मी. मीच." मग कोंडीराम दबकत म्हणाला, "मीच म्हणजे थोरले भाऊ का त्यांचे?" उमरीकरांनी फोन ठेवला. आवाज ऐकून शालनबाई स्वयंपाकघरातून आल्या, हात पदराला पुसत. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. त्यांचा चेहरा उमरीकरांनी फारसा न्याहाळला नाही, स्वतःच्याच रागात होते. पण आवाज त्यांना ऐकू आला, एकदम सपाट. "तो हार काढायला सांगा आधी." "सांगू कसा? आवाज बंद केलाय त्यांनी." उमरीकर उठले, गुडघा कळवळला, त्यांनी त्यालाही एक शिवी दिली. "मी जातो तिथे." "पान वाढलंय," शालनबाई म्हणाल्या. "अगं, तिकडे मला मारून ठेवलंय आणि तू पान वाढलंय म्हणतेस!" "वरण गार होतंय म्हणून म्हटलं. अहो, आज तरी—" ते बुटात पाय घालत होते. तुझं काय, तुला काय कळणार, असं काहीतरी ते बोलले, जिना उतरत उतरत, आणि लॅपटॉप तसाच चालू राहिला.

रिक्षा शिवाजी रस्त्याने मंडईपर्यंत आली आणि अडकली. अख्खं अंतर म्हणजे स्वारगेट ओलांडलं की झालं, तरुणपणी ते सायकलवर गुणगुणत पार करायचे. आणि एवढ्या अंतरासाठी यांनी मला तारेतून नेलं! "जरा पलीकडून काढता येईल का?" त्यांनी विचारलं. रिक्षावाल्याने आरशातही न बघता उत्तर दिलं, "एवढी घाई होती तर काल निघायचं, काका." एरवी उमरीकरांना या उत्तराचं कौतुक वाटलं असतं. आज त्यांना तेही लागलं. रागातून एकेक गोष्ट उसळून वर येत होती. संमेलन म्हणजे काय हे या पोरांना कळतं का? उमरीकर मुद्दाम खुर्च्या कमी मांडायचे. येणारे जितके, त्याहून कमी. आल्या-आल्या माणसाला जागा शोधावी लागली पाहिजे, 'इथे कुणी आहे का' असं अनोळखी माणसाला विचारावं लागलं पाहिजे. मग मागून खुर्च्या आणायच्या. आणि चहा! चहाचं टेबल ते हॉलपासून लांब ठेवायचे, म्हणजे माणसं वाटेत बोलतात. भलंमोठं टेबल आणि साखरेचं भांडं एकच. पोरं म्हणायची, सर, चार भांडी ठेवू, गर्दी होते. गर्दी व्हावी म्हणूनच एक ठेवतोय, गाढवांनो! त्या एका भांड्यापाशी लातूरचा डॉक्टर कोल्हापूरच्या डॉक्टरला म्हणतो, जरा साखर सरकवा, आणि तिथून संमेलन सुरू होतं. व्यासपीठावर चालतं ते नुसतं निमित्त. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बारशाला, लग्नाला, तेराव्याला माणसं कुठे घोळका करतात हे बघून बघून त्यांना उमगलं होतं. आता यांच्या पडद्यात साखर कोण कुणाला सरकवणार? त्यांना तहान लागली होती. मंडईतून कोथिंबिरीचा आणि सडक्या फळांचा वास येत होता, आणि त्या वासाने त्यांना एकाएकी फार बरं वाटलं, नाक अजून आपलंच आहे म्हणून.

हॉटेलच्या दारात नोंदणीचं टेबल होतं, त्यामागे अक्षता नावाचा बिल्ला लावलेली मुलगी होती. त्यांनी नाव सांगितलं. तिने टॅबवर बोट फिरवलं, भुवया वर केल्या. "सर, तुम्ही व्हर्च्युअल आहात." "मी तुमच्यासमोर उभा आहे." "हो सर, पण सिस्टीममध्ये तुम्ही ऑलरेडी जॉइन आहात. डबल एंट्री घेत नाही ते." मुलगी गोड होती, मनापासून अडचणीत सापडली होती, आणि उमरीकरांना तिच्यावर ओरडताही येईना. "मग मी घरी जाऊन आधी त्या सभेतून निघतो आणि परत येतो, चालेल?" ते म्हणाले. तिने खरंच विचार केला. "तसं केलं तर होईल बहुतेक, सर." त्यांनी तिला नमस्कार केला आणि ते इमारतीच्या मागच्या बाजूला गेले. पुण्यातलं असं एकही सभागृह नव्हतं ज्याचं मागचं दार त्यांना माहीत नव्हतं. भटारखान्यातून, ओल्या फरशीवरून, पनीरच्या वाफेतून ते आत शिरले, आणि पडदा बाजूला करून थेट व्यासपीठावर निघाले.

हॉल रिकामा म्हणावा इतका मोकळा होता. गोल टेबलं, पांढरी कापडं, प्रत्येक टेबलाला दोन-तीन माणसं, आणि बहुतेकांच्या हातात मोबाइल. त्यांत हाच कार्यक्रम चालू होता, जो त्यांच्या नाकासमोर चालला होता. अभिनव एका तक्त्याबद्दल बोलत होता. आणि व्यासपीठाच्या कडेला तो टीव्ही. त्यात उमरीकरांची खोली होती, उमरीकरांची वेताची खुर्ची होती, वर पंखा फिरत होता, आणि खुर्चीत कुणी नव्हतं. रिकाम्या खुर्चीला हार घातलेला होता. ते घरून निघाल्यापासून, मंडईत अडकल्यापासून, त्या मुलीशी वाद घातल्यापासून ती खुर्ची अशीच मोकळी दिसत असणार, आणि या अख्ख्या हॉलमध्ये, घरोघरच्या शेकडो मोबाइलांवर, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं की माणूस उठून गेला आहे. याच्यापेक्षा हाराचा अपमान परवडला. उमरीकरांनी पुढे होऊन हाराला हात घातला आणि ओढला. दोरा तुटला, निशिगंधाची फुलं गालिच्यावर सांडली, एक समईत पडून चरचरलं. तेव्हा माणसांनी मोबाइलमधून डोकी वर काढली.

"सर!" अभिनवचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं, मग धंद्याने त्याला सावरलं. "मित्रहो, काय सरप्राइज! सर स्वतः आलेत! ऑनलाइन मंडळी, बघा, सर प्रत्यक्ष!" टाळ्या पडल्या. उमरीकरांनी त्याच्या हातातून माइक घेतला. इतक्या वर्षांत माइक असा हिसकावून घेणारे पुष्कळ वक्ते त्यांनी पाहिले होते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. "मेलो नाही मी," ते म्हणाले. "आधी तेवढं लिहून घ्या." हशा झाला. त्या हशाने त्यांचा तोल आणखी गेला. मनात नीट रचलेले मुद्दे होते, त्यातला एकही हाती लागेना. ते खुर्च्यांवर बोलले, मग एकदम साखरेवर गेले, लातूरच्या डॉक्टरने कोल्हापूरच्या डॉक्टरला साखर कशी मागितली आणि पुढे दोघांच्या मुलांची सोयरिक कशी झाली ते सांगायला लागले, मध्येच अभिनवकडे वळून म्हणाले, "याला बॅज अडकवायची पिन कशी धरायची ते मी शिकवलं, आणि हा मला मेल्याचा हार घालतो!" पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. पुढच्या टेबलावरची मुलं मोबाइल उभे धरून त्यांचं शूटिंग करत होती. त्यांना दिसत होतं की आपला राग या लोकांना आवडतो आहे. लोकांना तो गोड लागत होता, मुरांब्यासारखा. अभिनवने तर डोळेसुद्धा पुसले. उमरीकरांना वाटलं, आता याला मारावं. "ऐका!" ते ओरडले. "घरात बसून माणूस माणसाला भेटत नसतो! हा ठराव करणारे सगळे एक दिवस घरात बसून मराल आणि शेजाऱ्याला कळणार नाही!"

"काकू आल्या," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे वळली. वेताच्या खुर्चीत शालनबाई बसल्या होत्या. केव्हा येऊन बसल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. त्या पडद्याच्या फार जवळ बसल्यामुळे चेहरा टीव्हीभर झाला होता, कपाळावरचं कुंकू, हनुवटीवरचा तीळ, सगळं हातभर मोठं. उमरीकरांनी हा चेहरा इतका मोठा कधी पाहिला नव्हता. "काकूंचा आवाज चालू करा!" अभिनव आनंदून म्हणाला, त्याला कार्यक्रमाचा शेवट सापडला होता. "काकू, बोला ना दोन शब्द."

"ऐकू येतंय का?" शालनबाईंनी विचारलं. "येतंय, काकू." "हे पोचले का तिथे? हां, दिसले. हार काढलात, बरं केलंत." त्या आता उठून जातील असं वाटलं, पण त्या उठल्या नाहीत. "मी यांचं संमेलन आज पहिल्यांदा बघतेय. म्हणजे मघापासून बघतेय, त्याआधी स्वयंपाकघरात आवाज येत होता तो ऐकत होते. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली. बाहेरगावच्या डॉक्टरांच्या बायका यायच्या ना, त्यांना हे गाडी करून तुळशीबाग दाखवायचे, पैठण्या दाखवायचे. मी एकदा म्हटलं, मीही येते. म्हणाले, तू काय करणार येऊन?" हॉलमध्ये कुणीतरी कौतुकाने हसलं. शालनबाई हसल्या नाहीत. "हे आत्ता म्हणाले, घरात बसून माणूस माणसाला भेटत नसतो. अगदी खरं आहे. मीच बसले होते ना घरात."

हॉलमधलं हसू तिथल्या तिथे विझलं. उमरीकरांच्या हातात माइक होता, तो त्यांनी खाली घेतला. पंख्याचा आवाज येत होता, तो इथला होता की शनिवार पेठेतला, त्यांना कळेना. त्यांना आठवू नये ते आठवत होतं: कुठल्याशा संमेलनाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, दारात नवी साडी नेसून उभी राहिलेली शालन, आणि आपण घाईत बॅजची खोकी मोजत म्हटलेलं ते वाक्य, ज्याचा आपल्या मनात त्यानंतर कधी विचारही आला नव्हता. राग होता तसाच होता. पण आतापर्यंत त्याला अभिनव होता, हार होता, ती नोंदणीवाली मुलगी होती, अख्खं आभासी जग होतं. आता तो तोंड उघडून उभा होता आणि त्याच्यापुढे कुणीच नव्हतं. ही बाई सगळ्यांसमोर असं कशी बोलली, हा राग. इतकी वर्षं का बोलली नाही, हाही राग. आणि ती म्हणते ते खरं आहे याचा तर सगळ्यात जास्त.

अभिनवला काहीतरी करून पुढे सरकायचं होतं. घसा साफ करून त्याने दुसऱ्या माइकवर ठराव वाचला आणि तो म्हणाला, "ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी हॉलमध्ये हात वर करावेत, ऑनलाइन मंडळींनी बटण दाबावं." हॉलमध्ये बरेच हात वर झाले. टीव्हीत शालनबाईंनी कुठलं बटण ते शोधलं, त्यांना सापडलं नाही, आणि त्यांनी आपला उजवा हात सरळ वर केला, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "विरोधात?" अभिनवने विचारलं. उमरीकरांनी हात वर केला. अजून चार-सहा म्हाताऱ्यांनी केला. अभिनव त्यांच्याकडे वाकून हळूच म्हणाला, "सर, सॉरी, पण तुमची नोंदणी ऑनलाइन आहे. नियमाप्रमाणे तुमचं मत तिकडून धरायचं. इथला हात मोजता येणार नाही." "माझा हात मोजता येणार नाही?" "तुमची खुर्ची तिथे आहे ना, सर." मग त्याचं टीव्हीकडे लक्ष गेलं आणि तो घाईघाईने माइकमध्ये म्हणाला, "काकू, तुम्ही सभासद नाही, त्यामुळे तुमचं मत धरता येणार नाही. प्लीज हात खाली घ्या."

उमरीकरांनी टीव्हीकडे पाहिलं. शालनबाई अभिनवकडे बघत नव्हत्या. त्या सरळ उमरीकरांकडे बघत होत्या, जसं त्यांनी घरात कधी बघितलं नव्हतं, की बघितलं होतं आणि यांनी वर पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. तिथे नुसता संताप होता, जुना, घट्ट, आणि उमरीकरांच्या संतापापेक्षा कितीतरी मोठा. या ठरावाने त्यांचं आयुष्यभराचं काम निकालात निघणार होतं, ते वाचवायला ते उपाशी पोटी इथवर आले होते.

"धरा," ते म्हणाले.

"काय, सर?"

"माझं मत त्या खुर्चीत आहे म्हणालास ना? मग तो हात धरा."

"पण सर, काकूंचा हात ठरावाच्या बाजूने आहे. तुम्ही तर—"

"कुठे आहे ते दिसतंय मला! धरा म्हणतोय ना!" उमरीकर एवढ्या जोरात ओरडले की माइक किंचाळला, पुढच्या टेबलावरच्या मुलीने कान झाकले, आणि टीव्हीत शालनबाई दचकून मागे सरल्या. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.